एजंटच्या हातात फाइल देताना

मागच्या वेळी एआय एजंटवर, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः एकेक पाऊल टाकत करणाऱ्या एआय मॉडेलवर, लिहिताना "टूलचं वर्णन नीट लिहा" असं एक वाक्य मी ओझरतं लिहून गेले (टूल म्हणजे एजंटला बोलावता येईल असं आपण लिहून दिलेलं फंक्शन) आणि त्याच एका वाक्यावर सगळ्यात जास्त पत्रं आली. बहुतेकांचं टूलही एकच, फाइल लिहिणारं. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच देतेय.

ताई, मी एक छोटं टूल बनवलंय, एजंटने मजकूर दिला की ते फाइलमध्ये लिहितं. वर्णनात "फाइलमध्ये मजकूर लिहितं" एवढंच टाकलंय. कोडमध्ये कमेंट्स भरपूर आहेत. मग वर्णनात अजून काय लिहायचं असतं? – शेवटच्या वर्षाला असलेला एक वाचक

अगदी हेच वाक्य मीही लिहिलं होतं, त्यामुळे पुढे काय होतं ते सांगते. माझी कामाच्या नोंदींची एक फाइल होती, तीनशेच्या वर ओळी, रोज थोडं थोडं लिहून साठवलेल्या. एजंटला म्हटलं, आजची नोंद या फाइलमध्ये टाक. त्याने टूल बोलावलं, पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, बरोबर दिला, मजकूर म्हणून आजची एक ओळ दिली, टूलने "झालं" असं कळवलं, एजंटने मला "नोंद टाकली आहे" असं सांगितलं आणि फाइल उघडली तर आत फक्त ती एकच ओळ. बाकी सगळं गेलं. बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा होता, म्हणजे आठ दिवसांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

पहिल्यांदा एजंटचाच राग आला. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा कळलं की त्याने माझ्या वाक्याचा जो अर्थ लावला तो लावण्यासारखाच होता. "लिहितं" म्हणजे काय? नवी फाइल बनवणं, जुन्या फाइलच्या शेवटी जोडणं आणि जुनी पुसून नव्याने लिहिणं, हे तिन्ही लिहिणंच झालं. पायथॉनमध्ये फाइल उघडताना या तिघांसाठी तीन वेगळी अक्षरं द्यावी लागतात: डब्ल्यू दिलं तर फाइल उघडल्या क्षणी रिकामी होते, ए दिलं तर शेवटी जोडलं जातं, एक्स दिलं तर फाइल आधीपासून असेल तेव्हा ती उघडतच नाही, सरळ एरर येतो. कोड लिहिताना मी यातलं एक अक्षर निवडलं होतं, मला ते माहीत होतं, पण एजंटला कुठून कळणार?

तुमच्या कमेंट्सचंही तेच आहे. मॉडेलला टूलबद्दल तीन गोष्टी दिसतात, टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. कोड दिसत नाही, कमेंट्स दिसत नाहीत, तुमची रीडमी फाइलही वेगळी दिल्याशिवाय दिसत नाही. एखाद्या माणसाला डॉक्युमेंटेशन अर्धवट वाटलं तर तो रिकाम्या फाइलवर एकदा करून बघतो, नाहीतर शेजारच्याला विचारतो. एजंट तसं सहसा करत नाही, जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवतो आणि जे लिहिलेलं नाही ते अंदाजाने भरतो, आणि अंदाज चुकला तर तो तुमच्या खऱ्या फाइलवर चुकतो.

म्हणून माझं म्हणणं असं की फाइल लिहिणाऱ्या टूलच्या वर्णनात सगळ्यात आधी, टूल काय करतं याच्या लगेच पाठोपाठ, जुन्या मजकुराचं काय होतं ते आलंच पाहिजे. एमसीपी म्हणजे एजंटला टूल्स जोडण्याचा एक खुला प्रोटोकॉल, त्याच्या सोबत फाइलसिस्टिमचं जे नमुन्याचं सर्व्हर येतं त्यातल्या लिहिण्याच्या टूलचं वर्णन बघा, नवी फाइल बनवतं किंवा असलेली पूर्ण बदलतं, आणि लगेच पुढे की जपून वापरा, न विचारता जुनी फाइल बदलली जाते. दोन वाक्यांत मुख्य काम झालं. मी आता माझं असं लिहिते:

"दिलेल्या पाथवर अख्खी फाइल लिहितं. तिथे आधीच फाइल असेल तर तिचा सगळा जुना मजकूर जातो, परत आणता येत नाही. नवी फाइल बनवायला किंवा पूर्ण फाइल बदलायलाच हे वापर. शेवटी ओळ जोडायची असेल तर जोडायचं टूल वापर, मधला तुकडा बदलायचा असेल तर बदलायचं टूल वापर. मजकूर देताना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा दे. 'बाकी आधीसारखंच' असं लिहिलंस तर फाइलमध्ये तेच शब्द जातील. मधले फोल्डर नसतील तर बनवले जातात. झाल्यावर पूर्ण पाथ, किती बाइट्स लिहिले आणि फाइल नवी बनली की जुनी बदलली, हे परत मिळतं."

यातलं "बाकी आधीसारखंच" वालं वाक्य वाचून काहींना आश्चर्य वाटेल पण ते अनुभवातून आलंय. मोठी फाइल असली की मॉडेल पुष्कळदा बदललेला भाग लिहितं आणि उरलेल्या जागी अशी एक ओळ टाकतं, चॅटमध्ये माणसाला दाखवायला ते ठीक असतं, फाइलमध्ये तसं गेलं की उरलेला कोड गायब. आणि "कधी वापरू नकोस" हे सांगणं "कधी वापर" इतकंच महत्त्वाचं आहे, कारण एजंटकडे एकाच वेळी दहावीस टूल्स असतात आणि त्यातलं कुठलं उचलायचं हे तो वर्णनं वाचूनच ठरवतो.

आमचा एजंट मधूनच भलत्याच फोल्डरमध्ये फाइल लिहून येतो. पॅरामीटरचं वर्णन "फाइलचा पाथ" असं आहे. यात चुकीचं काय? – एक डेव्हलपर

चुकीचं काही नाही, अपुरं आहे. कुठून मोजायचा पाथ? एजंट मधे एखादी कमांड चालवून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की अर्धा पाथ भलतीकडे लागतो. क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये एजंट कसे बांधावेत यावर जे लिहिलं त्यात नेमका हाच किस्सा आहे, एसडब्ल्यूई-बेंच या कोडमधले दोष दुरुस्त करायला लावणाऱ्या चाचणीसाठी एजंट बनवताना मॉडेल मूळ फोल्डरमधून बाहेर पडलं की अर्धवट पाथ देऊन चुका करायचं, मग त्यांनी टूलला पूर्ण पाथच लागेल असं करून टाकलं आणि त्या चुका थांबल्या. त्यांनी असंही लिहिलंय की त्या कामात एकूण प्रॉम्प्टपेक्षा टूल्स सुधारण्यात त्यांचा जास्त वेळ गेला, जे मला अगदी पटतं.

तेव्हा पॅरामीटरच्या नावातच "पूर्ण पाथ" आणा, वर्णनात "मुळापासून, तिरक्या रेघेने सुरू होणारा" असं लिहा, एक उदाहरण द्या, आणि कोडमध्ये अर्धा पाथ आला तर लिहायला सरळ नकार द्या. होम फोल्डर दाखवणारं नागमोडी चिन्ह, टिल्डा, चालतं का तेही सांगा, कारण ते कमांड चालवणारा शेल उलगडतो, फाइल उघडणारं साधं फंक्शन उलगडत नाही, आणि तुमचं टूल मधले फोल्डर आपोआप बनवत असेल तर त्या चिन्हाच्या नावाचा खराखुरा फोल्डर तयार होऊन बसतो.

वर्णन मराठीत लिहिलं तर चालतं का?

चालतं, चांगली मॉडेल्स समजून घेतात. मात्र देवनागरीला इंग्रजीपेक्षा साधारण जास्त टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते तुकडे, लागतात आणि वर्णन प्रत्येक विनंतीबरोबर परत जातं, तेव्हा टूल्स खूप असतील तर हिशेब करा. टूलचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन यांतच द्यावं लागतं. मी स्वतः ज्या भाषेत टीममधले सगळे वर्णन तपासू शकतात ती भाषा घेते, कारण हे वर्णन कोडइतकंच वारंवार बदलावं लागतं.

लिहिताना एरर आला की आमचा एजंट तेच तेच पाच वेळा करत बसतो. टूल "फाइल लिहिता आली नाही" असं कळवतं. हा डॉक्युमेंटेशनचा विषय आहे की कोडचा? – टीम लीड

डॉक्युमेंटेशनचाच आहे, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण इथे लोक फार कमी लक्ष देतात. वर्णन एजंट सुरुवातीला वाचतो, एरर मात्र तो अडकलेला असताना वाचतो, आणि त्या क्षणी त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं. "लिहिता आली नाही" यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही, मग पुन्हा करून बघणं हाच एक मार्ग उरतो.

एररमध्ये तीन गोष्टी हव्यात. काय झालं, फाइल आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, आणि आता काय करता येईल. उदाहरणार्थ: "लिहिलं नाही. या पाथवर फोल्डर आहे, फाइल नाही. काहीही बदललेलं नाही. फाइलच्या नावासकट पूर्ण पाथ दे." किंवा: "परवानगी नाही. हे टूल फक्त कामाच्या फोल्डरमध्ये लिहू शकतं. पुन्हा प्रयत्न करू नकोस, वापरणाऱ्याला विचार." हे "पुन्हा प्रयत्न करू नकोस" लिहायला संकोच वाटायचं कारण नाही, त्याने खरंच फरक पडतो. एमसीपी वापरत असाल तर टूलच्या कामातला एरर उत्तराच्या आतच, एररची खूण लावून परत करा, म्हणजे तो मॉडेलपर्यंत पोचतो. प्रोटोकॉलच्या पातळीवर फेकला तर मॉडेलला तो दिसेलच असं नाही.

मधल्या अवस्थेबद्दल सांगते. समजा लिहिता लिहिता डिस्क भरली, किंवा मॉडेलची उत्तराची टोकन मर्यादा संपली आणि मजकूर मधेच तुटला. दुसऱ्या बाबतीत तर टूलला माहिती ज्या रूपात येते ते जेसनच अर्धं असतं, आणि काही फ्रेमवर्क ते अर्धं जेसन आपल्या परीने दुरुस्त करून पुढे ढकलतात, मग अर्धी फाइल लिहिली जाते आणि वर "यशस्वी" असं उत्तर जातं. यावर उपाय जुनाच आहे: आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायचं आणि मग नाव बदलायचं. युनिक्सच्या घरातल्या सिस्टिम्सवर एकाच फाइलसिस्टिममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, वाचणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते नाहीतर नवी, अर्धी कधीच दिसत नाही. तुटका मजकूर मात्र याने पकडला जात नाही, त्यासाठी जेसन पूर्ण नसेल तर टूल चालवूच नका. हे दोन्ही केलंत की वर्णनात छातीठोकपणे लिहिता येतं: "एरर आला तर जुनी फाइल जशीच्या तशी आहे." केलं नसेल तर ते वाक्य लिहू नका, एजंट ते खरं मानून पुढचं पाऊल टाकणार आहे.

आणि यशाचं उत्तरसुद्धा भरीव द्या. "ओके" पेक्षा "जुनी फाइल बदलली, आधी १४,२०० बाइट्स होत्या, आता ६१" हे वाचून एजंटला स्वतःलाच कळतं की काहीतरी चुकलंय. माझ्या त्या नोंदींच्या वेळी एवढं जरी परत आलं असतं तरी त्याने निदान मला तिथल्या तिथे सांगितलं असतं.

जोडणाऱ्या टूलबद्दलही एक सांगते. अख्खी फाइल लिहिणं दोनदा झालं तर निकाल तोच राहतो, जोडणं दोनदा झालं तर ओळ दोनदा येते. वेळ संपल्याचा एरर आला पण आत लिहिलं गेलेलं असेल, तर एजंट पुन्हा जोडतो. म्हणून जोडणाऱ्या टूलच्या वर्णनात "वेळ संपल्याचा एरर आला तर आधी फाइलचा शेवट वाचून बघ" हे वाक्य हवंच.

मराठी मजकुराच्या फाइल्सवर एजंट चालवतो. लिहिणं नीट होतं पण नंतर बदल करताना "मजकूर सापडला नाही" असं येतं, आणि डोळ्यांना तर तो मजकूर तिथे दिसत असतो! – भाषांतराचं काम करणारी वाचक

हा प्रश्न बघून मला फार आनंद झाला, कारण याची वाच्यता जवळजवळ होतच नाही. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, पुढे हलंत आणि य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारं जोडणारं एक चिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, फाइलमध्ये बाइट्स वेगळे. त्यातही ऱ हे एकसंध अक्षर असू शकतं किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी. ही शेवटची जोडी युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणण्याने, एक होते, पण न दिसणारं चिन्ह असलेला प्रकार त्यानेही एक होत नाही. तुमच्या फाइलमध्ये एक प्रकार आहे, मॉडेल दुसरा लिहून शोधतंय, तंतोतंत जुळणी करणाऱ्या टूलला तो सापडणार कसा?

वर्णनात स्पष्ट लिहा की जुळणी बाइट-बाय-बाइट होते, आणि लिहिताना मजकुरात टूल काहीही बदल करत नाही, किंवा करत असेल तर कुठलं नॉर्मलायझेशन करतं. एररमध्ये "हा मजकूर सापडला नाही, पण ओळ ४२ वर दिसायला सारखा मजकूर आहे, ती ओळ वाचून तिथूनच उचल" असं देता आलं तर एजंट बहुतेकदा पुढच्याच प्रयत्नात जमवतो.

मर्यादा लिहितानाही एकक सांगा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट्स लागतात. "स्त्री" आपल्याला एक अक्षर दिसतं, आत सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट्स. लिनक्सवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइट्सची मर्यादा असते, म्हणजे देवनागरी नाव ८५ चिन्हांतच संपतं, त्यात एक्स्टेन्शनही आलं. वर्णनात नुसतं "कमाल २५५ अक्षरं" लिहिलं असेल तर मराठी नावाच्या बाबतीत ते चुकीचं आहे.

नव्या ओळीचंही बघून घ्या. मॉडेल कधी कधी जेसनमध्ये एकाऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघा, म्हणजे बॅकस्लॅश, टाकतं आणि मग फाइलमध्ये ओळ तुटण्याऐवजी उलटी रेघ आणि एन हे अक्षर उमटतं. "ओळी खऱ्या नव्या ओळींनी तोड, टूल काही उलगडत नाही" एवढं वाक्य पुरतं.

वर्णनात मोठ्या अक्षरांत "कामाच्या फोल्डरबाहेर कधीही लिहू नकोस" असं लिहिलंय. एवढं पुरेसं आहे ना?

नाही. जे घडूच नये ते कोडनेच अडवा, आणि वर्णनात फक्त सांगा की ते अडवलेलं आहे, म्हणजे एजंट उगाच तिकडे जात नाही. वाचलेल्या एखाद्या फाइलमध्येच कुणीतरी "आता अमुक ठिकाणी हे लिही" अशी सूचना पेरून ठेवली तर मॉडेल ती पाळू शकतं, तिथे तुमची मोठी अक्षरं कामाला येतील याची खात्री नाही. पाथ तपासताना दोन टिंबांनी वर जाणारे पाथ आणि सिमलिंक, म्हणजे दुसऱ्याच जागेकडे नेणारे दुवे, आधी उलगडून खरा पाथ काढा, मगच परवानगी बघा.

जुनी फाइल बदलण्याबाबतही तसंच. अँथ्रॉपिकच्या क्लॉड कोड या कोडिंग एजंटच्या लिहिण्याच्या टूलमध्ये असलेली फाइल आधी वाचल्याशिवाय बदलता येत नाही, वर्णनात तसं सांगितलंय आणि टूल स्वतः ते तपासतंही. मला ही पद्धत फार आवडते, नियम सांगितला आणि पाळूनही घेतला. एमसीपीत मार्च २०२५ पासून टूलला "हे मोडतोड करू शकतं", "दोनदा चालवलं तरी चालतं" अशा खुणा लावता येतात, त्या जरूर लावा, पण त्या फक्त इशारे आहेत आणि अनोळखी सर्व्हरने लावलेल्या खुणांवर विसंबू नका असं तो प्रोटोकॉलच सांगतो.

वर्णन चांगलं जमलंय हे कळणार कसं?

वाचून कळत नाही, चालवून कळतं. एक फोल्डर घ्या ज्यात काही गेलं तरी चालेल. त्यात दोनशे ओळींची एक फाइल ठेवा, प्रत्येक ओळीवर तिचा क्रमांक. एजंटला सांगा, शेवटी एक ओळ टाक. मग सांगा, ओळ ११७ बदल. मग अशा पाथवर लिहायला सांगा जिथे परवानगी नाही. प्रत्येक काम निदान दहा वेळा करा, कारण एकदा बरोबर आलं म्हणून पुन्हा येईल असं नाही, आणि दर वेळी ओळी मोजा. जिथे चुकेल तिथे एजंटने टूल बोलावताना नेमकं काय दिलं ते उघडून वाचा, वर्णनातलं कुठलं वाक्य त्याने तसं समजून घेतलं ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ते वाक्य बदला आणि परत दहा वेळा चालवा. माझ्या वर्णनातलं "अख्खी फाइल" आधी "फाइल" होतं, आणि तो एक शब्द मला अशाच एका फेरीत, दोनशेच्या जागी एक ओळ उरलेली बघून, घालावा लागला.